उताराचं पाणी

बीड जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की आधी आकडा येतो. माजलगाव धरण किती टक्क्यांवर आहे, मांजरा मृतसाठ्यात गेलं का, गावात टँकरच्या किती खेपा झाल्या, विहिरीत किती परस पाणी उरलं, बोअरला किती फुटांवर लागलं. सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही मनात आलं तर पडणारा. अशा मुलखात माणूस पाणी मोजायला शिकतोच. आमच्या लेखी पाणी म्हणजे साठलेलं पाणी. वाहून चाललेलं पाणी दिसलं की आमच्या पोटात कालवतं. पहिल्या पावसाचा लोंढा ओढ्यातून निघून जाताना बांधावर उभा असलेला शेतकरी ज्या नजरेनं बघतो, ती नजर मी लहानपणापासून ओळखतो.

हरिद्वारला हर की पौडीवर शिरूर कासारकडच्या एक मावशी भेटल्या. बोली ऐकूनच ओळख पटली. हातात गंगाजळाचा प्लास्टिकचा कॅन, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. साखळी धरून पायरीवर उभ्या होत्या. पाण्याच्या ओढीनं साखळी थरथरत होती. त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "एवढं पानी चाललंय बघा दादा, अन् कुनी अडवंना." त्यांच्या आवाजात भक्ती होती, तशी हळहळही होती. जन्मभर घागरीनं पाणी वाहिलेल्या बाईची ती हळहळ होती. पुढचे दिवस मी गंगेवर राफ्टमध्ये बसून काढले, कयाक चालवणाऱ्या पोरांच्या मागं मागं काठानं फिरलो, पण त्यांचं ते वाक्य माझ्याबरोबरच राहिलं.

ऋषिकेशच्या वर सोळाएक किलोमीटरवर शिवपुरी आहे. त्याच्याही वर मरीन ड्राइव्ह, ब्यासी, कौडियाला. राफ्ट तिथून पाण्यात सोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये, पावसाळ्यात, हे सगळं बंद असतं. सप्टेंबर सरत आला की पुन्हा सुरू होतं. या टापूतल्या प्रत्येक खळाळाला नाव आहे. 'थ्री ब्लाइंड माइस', 'रोलर कोस्टर', 'गोल्फ कोर्स', 'क्लब हाउस' अशी ती नावं आहेत. गोमुख समुद्रसपाटीपासून जवळजवळ चार हजार मीटर उंच. तिथून देवप्रयागपर्यंतच्या दोनशेपाच किलोमीटरांत भागीरथी तीन हजार मीटरहून जास्त उतरते. आपली गोदावरी ब्रह्मगिरीवरून सुमारे हजार मीटर उंचीवरून निघते आणि तेवढं उतरायला तिला समुद्रापर्यंतचे १४६५ किलोमीटर मिळतात. गेवराई तालुक्याच्या कडेनं जाते तेव्हा ती पार सपाटीला आलेली असते. तिच्यात रॅपिड नाही, कारण तिला उतरायची घाई नाही.

खळाळ कसा तयार होतो हे तिथं नीट कळलं. डोंगरातून येणारा प्रत्येक ओढा पावसाळ्यात मोठमोठे धोंडे ढकलत आणतो आणि गंगेच्या पात्रात टाकतो. पात्र तिथं आवळतं, तळ वर येतो, पाणी कोंडतं आणि मग घसरतं. म्हणून बहुतेक खळाळ कुठल्या ना कुठल्या ओढ्याच्या तोंडाशी सापडतात. लांबून सगळा पांढरा फेसच दिसतो. जाणत्याला मात्र त्यात आकार दिसतात. खाली निमुळती होत गेलेली काळसर, गुळगुळीत पाण्याची जीभ दिसली की तिथं खोली आहे, वाट आहे. टोक वरच्या बाजूला असलेली पाचर दिसली की तिच्याखाली दगड आहे. पाणी दगडावरून उडी घेऊन मागंच वळत असेल तर तिथं भोवऱ्याचा गाळा आहे. त्यात सापडलेली वस्तू पाणी सहजी सोडत नाही. आणि मोठ्या धोंड्याच्या पाठीमागं पाणी उलट, वरच्या दिशेनं वाहत असतं. त्याला ते 'एडी' म्हणतात. भर खळाळात ती विसाव्याची जागा.

आमचा गाइड गढवाली मुलगा होता, विशीबाविशीचा. पहिल्या खळाळाआधी त्यानं राफ्ट एडीत घेतली, सगळ्यांना वल्ही वर धरायला लावली आणि स्वतः उभा राहून खालचं पाणी न्याहाळत राहिला. माझी नजर किती पाणी आहे हे बघत होती, त्याची नजर पाणी कुठं चाललंय याच्यावर होती. मग तो 'फॉरवर्ड' म्हणून ओरडला आणि आम्ही जिभेवर चढलो. समोर पाण्याची भिंत आली, अंगावर फुटली, राफ्टचं नाक आभाळाकडं गेलं आणि पुन्हा खाली आलं. आम्ही मुकाट वल्ही मारत राहिलो. थंडी अंगात उशिरा शिरली, आधी आनंद शिरला. कानात आवाज भरून राहिला होता आणि मला मोठ्यानं हसू येत होतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तो दिवस मराठवाड्यातलं कुणीही विसरलेलं नाही. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण आमच्या केज तालुक्यात धनेगावला आहे आणि त्या वर्षी त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. तिनं सव्वातीनशेवर किलोमीटर प्रवास केला, स्टेशनावर लोकांनी तिचं स्वागत केलं. ऋषिकेशला गंगेतून ऐन कोरड्या दिवसांतही सेकंदाला शंभरहून जास्त घनमीटर पाणी जातं. म्हणजे आमच्या त्या अख्ख्या रेल्वेचं पाणी पुढं निघून जायला तिथं पाच सेकंदही लागत नाहीत. राफ्टवर बसून हा हिशेब मी मनात केला आणि वल्हं हातात तसंच राहिलं. मावशींची हळहळ मला तेव्हा पुरती कळली. पण आमच्या मोजमापातून काय सुटतं हेही त्याच वेळी दिसायला लागलं. पाच लाख लिटर हा साठ्याचा आकडा आहे. त्या खळाळात आम्हाला उचलून धरत होता तो वेग, आणि त्याचा आकडा आम्ही कधी विचारलेलाच नसतो.

राफ्टच्या पुढं एक कयाक असतो, पाण्यात पडलेल्याला उचलण्यासाठी. कयाकवाला कमरेपर्यंत बोटीत बसतो आणि बोटीचं तोंड झाकणारा पडदा कमरेला बांधतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही. उलटला तर कमरेच्या हिसक्यानं आणि वल्ह्याच्या दाबानं पुन्हा सरळ होतो. मला सगळ्यात भावलं ते त्याचं नदी ओलांडणं. एवढ्या ओढीत तो बोटीचं तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं वर धरतो, जरासं तिरपं करतो आणि हलकं वल्हं मारतो. जी धार त्याला खाली न्यायला बघते तीच त्याला पलीकडच्या काठाला सरकवते. हे मी आधी पाहिलं होतं. आमच्याकडं गोदावरीचे नावाडी पाणी वाढलं की नाव काठाकाठानं बरीच वर ओढत नेतात आणि मगच पात्रात सोडतात. नाव तिरपी उतरत बरोबर पलीकडच्या घाटाला लागते. कृष्णाकाठी महापुरात माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करत आली आहेत. भोपळ्याची सांगड, पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा, विहिरीत मारलेले सूर, ही सगळी आपल्या लोकांची पाण्याशी असलेली जुनी ओळखच आहे.

ही ओळख किती महत्त्वाची ठरते ते राक्षसभुवननं पाहिलं आहे. शनीचं हे गाव गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथं माधवराव पेशवे आणि निजामाच्या फौजा भिडल्या. निजाम स्वतः पलीकडं उतरला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडं होता आणि मधे श्रावणातली गोदावरी दुथडी भरून वाहत होती. मराठ्यांनी नेमकी ती वेळ साधली. विठ्ठल सुंदर पडला आणि पलीकडच्या फौजेला हे सगळं बघत राहावं लागलं. मराठवाड्याच्या इतिहासाला वळण देणारी ही लढाई फौजेइतकीच पुरानंही ठरवली.

माणसानं उताराशी कसं वागावं, याचे किती तरी मार्ग जगानं धुंडाळले आहेत. एडमंड हिलरी १९७७ मध्ये गंगासागराहून जेट बोटी घेऊन उलट्या दिशेनं वर निघाले. ऋषिकेश, देवप्रयाग मागं टाकत ते नंदप्रयागच्या आसपास पोचले आणि तिथल्या धबधब्यानं त्यांना थांबवलं. टिहरीला भागीरथीवर २६० मीटर उंचीचं धरण बांधून तिचा उतार विजेसाठी वापरला. आणि आपल्या महाराष्ट्रात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, त्याची गोष्ट तर थेट आमच्या दारापर्यंत येते.

कोलाडची नदी राफ्टसाठी सकाळी वाहते, कारण तेव्हा वीजकेंद्रातून पाणी सुटतं. हे पाणी मूळचं मुळशीचं. मुळा नदी पूर्वेकडं वाहणारी, मुठेला मिळून भीमेला जाणारी. टाटांनी तिला मुळशीला अडवलं, पाणी सह्याद्रीवरून पश्चिमेला सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला सोडलं आणि १९२७ मध्ये तिथलं वीजकेंद्र सुरू झालं. त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. आज मुंबई-पुण्याची तरुण मंडळी हेल्मेट घालून कोलाडच्या लाटांवर ओरडतात, ते पाणी उताराच्या मूळ वाटेनं गेलं असतं तर भीमेतून उजनीला पोचलं असतं. आणि उजनीतून पाणी उचलून आमच्या आष्टी तालुक्यापर्यंत आणायच्या योजनेची तिथले शेतकरी कित्येक वर्षं वाट बघत आहेत. टाटांच्या धरणांचं पाणी पूर्वेला द्या ही मागणीही जुनी आहे. बीड जिल्ह्यातही एक कुंडलिका आहे, वडवणीकडं, सिंदफणेला मिळणारी. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रातून चालत जाता येतं.

हिमालयातून परतल्यावर मी बालाघाटात पुन्हा फिरलो. पाटोदा तालुक्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते. तिचं पाणी सीनेकडं आणि पुढं भीमेला जातं. त्याच तालुक्यात उगवणारी मांजरा मात्र लांबचा वळसा घेऊन तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीला मिळते. एकाच डोंगरावरचा पाऊस असा दोन दिशांना वाटला जातो. उन्हाळ्यात मी या पात्रांतून चाललो तेव्हा दगड मला सांगू लागले. मोठ्या शिळेच्या वरच्या अंगाला तळ खरवडलेला होता, खालच्या अंगाला बारीक वाळू जमली होती. म्हणजे तिथं एडी होती. खडकात गोल रांजणखळगे होते, म्हणजे तिथं गोटे घेऊन भोवरा फिरला होता. काठाच्या बाभळींच्या खोडांना माझ्या डोक्याच्याही वर काडीकचरा अडकला होता. नदी कोरडी होती, पण तिच्या वेगाचा सगळा हिशेब तिथं लिहून ठेवलेला होता. खजाना बावडी बांधणाऱ्यांना हा हिशेब येत होता. निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं बीडजवळ बांधवून घेतलेल्या त्या विहिरीतून पाणी भुयारी पाटांनी, केवळ उताराच्या जोरावर, शेतापर्यंत जातं. तिथं ना मोट लागत होती, ना पंप लागतो.

आम्ही मात्र खोली मोजतो आणि फसतो. पुलावरून पाणी चाललेलं असतं, मोटारसायकलवाला थांबतो आणि काठावरचं कुणी तरी म्हणतं, "गुडघ्याएवढंच तर हाय, काढ की." पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे त्या दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. गंगेवर राफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी प्रत्येकाला शिकवतात: पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय वाहत्या दिशेला पुढं ठेवा आणि काही झालं तरी मधेच उभं राहायला जाऊ नका, दगडाच्या फटीत पाय अडकला तर पाणी माणसाला वाकवून बुडवतं. पर्यटकाला पाच मिनिटांत मिळणारं हे ज्ञान बिंदुसरेकाठच्या पोराला जन्मभर मिळत नाही. १९८९च्या जुलैत याच बिंदुसरेनं बीड शहरात शिरून माणसं नेली. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यातल्या नद्यांनी काठ सोडले, उभी पिकं बुडाली आणि कित्येक शेतांतली माती खरडून गेली. गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रात वाळूसाठी खणलेल्या खड्ड्यांत पोहायला उतरलेली लेकरं बुडाल्याच्या बातम्या येतात, तेव्हा जीव तुटतो. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली माणसानं आपल्या हातानं डोह केलेले असतात.

मावशींना आता मी काय सांगेन, याचा विचार करतो. अडवायला हवंच, मावशी. पाझर तलाव हवेत, बांधबंदिस्ती हवी, आष्टीला हक्काचं पाणी हवं; दुष्काळात जगलेल्या माणसाला याबद्दल शंका नाही. पण जे पाणी अडवायचं त्याची चाल आधी कळली पाहिजे. माझी तळमळ एवढीच आहे की बीड जिल्ह्यातल्या प्रत्येक नदीकाठच्या शाळेत पोहणं शिकवावं. पावसाळ्यात ओढा वाहता झाला की गुरुजींनी मुलांना सुरक्षित काठावर नेऊन जीभ, पाचर, भोवरा आणि एडी दाखवावी, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी पूर कुठवर आला होता ते हातानं दाखवावं. त्या खुणेच्या आत घर बांधू नये, खुणेच्या आतली वाळू उपसू नये. राफ्टवरचा तो गढवाली मुलगा आमच्या पोरांपेक्षा धाडसी नव्हता. त्याला त्याची नदी ओळखायला शिकवलेली होती, आणि आमच्या मुलांनाही तेवढंच शिकवलं तर ती दुष्काळात पाणी राखतील आणि पुरात जीव राखतील.