गोळ्या आल्या, कलम राहिलं

पनवेलजवळ नेरे इथे शांतिवन आहे, कुष्ठरोग निवारण समितीचं. आरोग्य आणि कायदा यांचा एकत्र अभ्यास करू पाहणाऱ्या कुणालाही मी ग्रंथालयाआधी तिथे जायला सांगेन. इतकी माणसं गावाबाहेर राहायला का आली, याचं अर्धं उत्तर वैद्यकात सापडतं. उरलेलं कायद्याच्या पुस्तकात.

१८९८च्या लेपर्स ॲक्टनुसार निराधार कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत. सार्वजनिक विहिरीवर आंघोळ, भाड्याच्या गाडीतला प्रवास, विकण्यासाठी अन्न शिजवणं, यांवर सरकार बंदी घालू शके. तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं, लोक भ्यायले होते. एवढं मी समजून घेऊ शकते. छळतो तो पुढचा काळ. १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. तरीही तो जुना कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं, आणि जोडीदाराचा कुष्ठरोग हे हिंदू विवाह कायद्यातलं घटस्फोटाचं कारण २०१९पर्यंत टिकलं.

या कलमाने काय केलं असेल? हातावर बधिर चट्टा दिसलेली एखादी बाई दवाखान्यात जायला धजेल का? निदानाचा कागद उद्या नवऱ्याच्या वकिलाकडे जाईल, ही धास्ती असताना चट्टा पदराआड ठेवणंच तिला शहाणपणाचं वाटणार. मग उपचाराला उशीर, नसांना इजा, बोटं वाकडी. डॉक्टरचीही कोंडी: खरं निदान लिहिणं त्याचं कर्तव्य, आणि त्याच अक्षरांनी रुग्णाचा संसार मोडण्याची भीती. रोगापासून समाजाला वाचवण्यासाठी लिहिलेली कलमं रोग लपवायलाच शिकवत होती. वैद्यकीय नीतीच्या वर्गात हे सर्वांत आधी शिकवलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

न्यायालयाचे हातही किती बांधलेले असतात! ओडिशात नगरपालिकेवर निवडून आलेल्या एकाला कुष्ठरोगामुळे पद गमवावं लागलं. २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता वैध ठरवली. मात्र अशा तरतुदी ठेवायच्या का, याचा विधिमंडळांनी गांभीर्याने विचार करावा, असंही सुचवलं. २०१९च्या दुरुस्तीने विवाह आणि दत्तक-पोटगीचे पाच कायदे सुधारले. नगरपालिकांचे कायदे त्यात नव्हते. ते राज्यांच्या हाती असतात, आणि तिथली कलमं एकेक करून वाचावी लागतात.