लावायचं राहून गेलं

9 फेब्रुवारी 2022. अलायन्स एअरचं एटीआर-72 सकाळी मुंबईहून भूजला निघालं. विमान हवेत गेलं आणि त्याच्या एका इंजिनावरचं आवरण, म्हणजे हँगरच्या बोलीत ‘काउल’, धावपट्टीजवळ पडलेलं सापडलं. विमान सुमारे 70 जणांसह भूजला सुखरूप उतरलं. कंपनीचं मुख्यालय दिल्लीत, आणि चौकशीचा हुकूमही दिल्लीतूनच सुटला. पहिला संशय होता काउल बंद ठेवणाऱ्या लॅचवर: देखभालीनंतर ते नीट बसवलेच गेले नसावेत.

दिल्लीच्या पालम विमानतळावर रात्रपाळी करणाऱ्यांच्या पोटात ही बातमी वाचून गोळा आला असेल. नवल मात्र वाटलं नसेल. काउल नुसतं खाली सोडलं तरी लांबून बंदच दिसतं. ए-320चे लॅच इंजिनाच्या अगदी पोटाखाली असतात. ते खरंच लागलेत का, हे बघायला उकिडवं बसावं लागतं, नाहीतर सरळ आडवं व्हावं लागतं. जानेवारीच्या धुक्यात, दवाने ओल्या झालेल्या एप्रनवर, टॉर्च दातात धरून, पहाटे चारला. ‘काउल बंद किया?’ या प्रश्नाला उभ्याउभ्या ‘हां’ म्हणणं किती सोपं!

हीथ्रोवर 24 मे 2013ला हेच घडलं, पण थोडं विचित्र वळण घेऊन. ब्रिटिश एअरवेजच्या ए-319च्या दोन्ही इंजिनांची काउलं रात्री लॅच न लावता ठेवली होती, कारण तेल घालायला परत यायचं होतं. तंत्रज्ञ परत आले, पण चुकून शेजारच्या दुसऱ्याच विमानापाशी. तिथली काउलं बंद होती. कुणीतरी लावली असतील, असं ते धरून चालले. सकाळी उड्डाणाच्या वेळी खऱ्या विमानाची काउलं उडाली, इंधनाची नळी फुटली आणि उजव्या इंजिनाला आग लागली. 80 जण वाचले. पुढे युरोपच्या नियामकाने लॅचला चावी आणि लाल फीत लावायला लावली. लॅच लागल्याशिवाय ती चावी निघत नाही. माणसाच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

काउल निदान डोळ्यांना दिसतं. ओ-रिंग दिसतही नाही. तेल गळू न देणारी रबराची ही बारीक कडी बसवण्याआधी तिला बोटाने तेलाचा हात फिरवायचा, खाचेत पीळ न पडता बसली का ते चाचपायचं, मगच ती ज्यावर बसते तो प्लग फिरवायचा. एकदा प्लग आत गेला की कडी आहे की नाही, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

5 मे 1983ला ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार मायामीहून नासाऊला निघालं, तेव्हा त्याच्या तिन्ही इंजिनांत या कड्या नव्हत्या. तेलातला धातूचा चुरा पकडणारे चिप डिटेक्टर रात्री बदलले होते. एरवी ते कडी बसवूनच मेकॅनिकच्या हातात यायचे; त्या रात्री कोठारातून आले ते बिनकडीचे. गळती तपासायला इंजिन फिरवलं तेही जेमतेम काही सेकंद. हवेत तिन्ही तेलमापकं शून्याकडे सरकू लागली, तेव्हा वैमानिकांना मापकंच बिघडल्यासारखी वाटली. तीन इंजिनांचं तेल एकदम कसं संपेल? तर्क चोख होता, फक्त तिन्ही इंजिनांवर त्या रात्री एकाच पद्धतीने काम झालं होतं, हे त्यात धरलेलं नव्हतं. एक इंजिन आधीच बंद केलेलं, उरलेली दोनही थांबली. बंद केलेलं पुन्हा सुरू झालं आणि त्या एकट्याच्या बळावर 172 जण मायामीला परतले.

1995च्या फेब्रुवारीत ब्रिटिश मिडलंडच्या 737च्या दोन्ही इंजिनांची बोरस्कोप तपासणी, म्हणजे बारीक दुर्बीण आत घालून केलेली तपासणी, झाली. काम एकाने सुरू केलं, तोंडी सांगून दुसऱ्यावर सोपवलं. मध्ये व्यत्यय आले, काढलेली झाकणं परत बसलीच नाहीत, नंतरची इंजिनचाचणीही झाली नाही. जवळजवळ सगळं तेल गमावून ते विमान लूटनला उतरलं.

म्हणूनच लांबवर समुद्र ओलांडणाऱ्या दोन इंजिनांच्या विमानात दोन्ही इंजिनांवरचं तेच काम एकाच हाताने करायचं नाही, असा दंडक आहे. कागदावर तो सोपा दिसतो. रात्री माणसं कमी आणि सकाळी सहाचं उड्डाण, असं असलं की तो जड जातो.

आपल्याकडे जुलै 2022मध्ये विमानांत बिघाडांची रांग लागली, तेव्हा दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोर बसणाऱ्या डीजीसीएने, म्हणजे देशाच्या विमान-नियामकाने, अचानक तपासण्या केल्या. बिघाडाचं कारण नीट शोधलं जात नाही, सही करणारे परवानाधारक पुरेसे नाहीत, असं त्यांना आढळलं. बी-1 किंवा बी-2 परवान्याच्या अभियंत्याने तपासून सोडल्याशिवाय विमान निघता कामा नये, असा आदेश निघाला; तो 28 जुलैपर्यंत अमलात आणायचा होता. आदेश योग्यच होता. मात्र सही करणारा अभियंता पहाटे एकाच वेळी किती विमानांपाशी उकिडवा बसू शकतो, हा हिशेब कंपन्यांच्या ड्यूटी-तक्त्यातच मांडावा लागतो. तिथे एक माणूस वाढवायचा म्हणजे पगार वाढवायचा. पाळी बदलताना ‘अमुक काढलंय, लावायचं बाकी’ ही ओळ लिहायला मात्र जादा पगार लागत नाही. तरी घाईत पहिली गळते ती हीच ओळ.