मीठ कुठे जाते?

संतकाव्य शिकवताना अद्वैतासाठी मिठाचा दृष्टान्त मी वर्षानुवर्षे देत आलो आहे : पाण्यात विरघळलेले मीठ वेगळे उरत नाही. एका तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘सर, मग ते जातं कुठं?’ विचारणाऱ्याचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलचे सूत रंगवणाऱ्या कारखान्यात कामाला होते.

त्याच्याबरोबर तिथे गेलो. गडद रंगासाठी लिटरभर पाण्याला ५० ग्रॅमहूनही अधिक मीठ लागते. पाण्यात सूत आणि रंग दोन्ही ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात. मीठ विरघळताना सुटे झालेले सोडियमचे धनभारित कण हा दुरावा कमी करतात. साखरेला हे साधत नाही. तिचे रेणू विरघळूनही अखंड आणि भाररहित राहतात. रंग सुतात शिरतो, मीठ सांडपाण्याबरोबर बाहेर पडते. साध्या गाळणीने ते निघत नाही. पाणी आटले की पुन्हा प्रकटते. त्या गृहस्थांच्या कोपरांवर वाळलेल्या पाण्याची पांढरी पुटे होती.

छांदोग्य उपनिषदातल्या श्वेतकेतूला पाण्यातले मीठ दिसले नाही, पण चवीने कळले. मी मात्र न दिसण्यालाच ऐक्य समजत आलो होतो. दृष्टान्त आजही देतो. फक्त ‘उरत नाही’ऐवजी ‘दिसत नाही’ म्हणतो.