शॉकअप कडक करण्याआधी

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक समजूत पक्की आहे: मागच्या शॉकअपची रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते. (मी कॉन्व्हेंटवाला, मराठी सांभाळून घ्या. पण मेकॅनिकल थर्ड इयरचा आहे, एवढं तरी ऐका.) स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि व्यासावर. मशीन डिझाइनच्या सूत्रात तारेच्या व्यासाचा तर चौथा घात येतो. रिंग त्यात कुठेच नाही. ती स्प्रिंगला फक्त आधीपासून दाबून ठेवते. यालाच प्रीलोड म्हणतात.

दिवाळीत घरी गेलो तर आई गाडीवर बसेनाशी झालेली. मणक्याचा त्रास, डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेले. चौदा किलोमीटरवर मावशी, तिच्याकडे जाणंही बंद. बाबा त्यांची शंभर सीसीची गाडी विकायच्या विचारात.

स्पीडब्रेकरनंतर गाडी झोके खाते म्हणून मेकॅनिकने रिंग शेवटच्या, पाचव्या खाचेवर नेली होती. मी सीट जोरात दाबून सोडली. वर येऊन थांबायला हवी, ती तीनदा नाचली! म्हणजे दोष डॅम्परचा. त्यात तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जाते. तेलच गळालं तर झोके अडवणार कोण? डाव्या शॉकअपवर ओघळ होताच.

मग टेप घेतली. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, तेव्हा एक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत मोजलं. नंतर गाडी खाली घेऊन, बाबांना बसवून पुन्हा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. आमचा जेमतेम दहावा हिस्सा. खड्ड्यात चाकाला खाली उतरायला जागाच नाही, मग धक्का थेट कमरेला.

नवी जोडी टाकली (एकच बदलू नये), दोन्ही बाजूंना तिसरी खाच. "अरे, सैल नाही ना पडणार?" बाबांनी दोनदा विचारलं. आई आधी भाजी मंडईपर्यंत गेली, आठवड्याने मावशीकडे. कंबर दुखली, पण रात्री झोप लागली म्हणाली. गाडी विकायचा विषय तूर्त बंद आहे.

जाता जाता, पुढच्या फोर्कच्या दांड्यावर तेलाची ओली कडी दिसली तर सील लगेच बदला. डिस्क ब्रेकवर तेल गेलं तर गाडी थांबणार नाही. रिंग फिरवायचा पाना माझ्याकडे आहे. न्या, पण परत आणून द्या!