शून्याची नोंद

भंडारा जिल्ह्यातील रोवणीचे दिवस तुमच्यापैकी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना मी सांगते ते चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. आषाढाचे पाणी बांध्यांमधून भरून राहिलेले असते, धुऱ्यांवर पऱ्ह्यांच्या जुड्या रचलेल्या असतात आणि गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांची ओळ मागे मागे सरकत असते. तुमसर तालुक्यात वैनगंगेच्या अंगाला आमचे गाव आहे. गावाबाहेरच्या एका बोडीखाली आमचे शेत आहे. मी नऊ वर्षांची असताना, रोवणी उरकल्यावर, त्या शेतातल्या सर्वांत खोलगट बांधीत सारसांच्या एका जोडीने घरटे केले.

सारस हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातील सर्वांत उंच पक्षी. मान ताठ करून उभा राहिला, तर पुरुषभर उंच दिसतो. जोडीने राहतो, पावसाळ्यात उथळ पाण्यात काड्यागवताचा मोठा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालतो आणि नर-मादी पाळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. यातले काहीच तेव्हा मला ठाऊक नव्हते. आमच्या घराला एवढेच दिसत होते, की घरट्यासाठी त्यांनी भोवतीचे धान उपटले होते आणि त्यांच्या वावरण्याने आणखी धान आडवे होत होते. त्या वर्षी घरावर कर्ज होते. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, एका सकाळी काठी घेऊन बांधीत उतरले. त्यांच्या मागोमाग मी गेले. दोन्ही पक्षी पंख पसरून थोडे दूर सरले. मोठ्या बाबांनी एक अंडे स्वतः उचलले आणि दुसरे माझ्या ओंजळीत दिले. ते कोमट होते. आम्ही ती अंडी बोडीच्या पाळीवर नेऊन ठेवली. सकाळी ती तिथे नव्हती.

ते करणे कायद्याने गुन्हा होता, हे आम्हाला माहीत नव्हते. माहीत असते तरी मोठ्या बाबांनी काय केले असते, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. त्यानंतर काही दिवस ती जोडी बोडीच्या काठाने ओरडत फिरली आणि मग दिसेनाशी झाली. कोणत्या दिवशी, ते आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. रामायणाच्या आरंभी क्रौंचाच्या जोडीतला एक पक्षी मारला जातो आणि त्या शोकातून वाल्मीकींच्या मुखी श्लोक येतो, ही कथा तुम्ही अभ्यासली असेल. तो क्रौंच म्हणजे सारसच असावा, असे काही अभ्यासक मानतात. त्या कथेत निदान कोणीतरी थांबून पाहिले होते. आमच्या बांधीत तेही घडले नाही.

पुढे प्राणिशास्त्राचे शिक्षण पूर्ण झाल्यावर मला मॉरिशसमध्ये प्रशिक्षणार्थी स्वयंसेविका म्हणून सहा महिने काम करण्याची संधी मिळाली. निघण्याच्या आदल्या रात्री मोठे बाबा ओसरीवर बसले होते. म्हणाले, “पाखरं राखाले एवढ्या दूर कायले जातेस, बाई?” एवढे बोलून ते गप्प झाले. त्या प्रश्नाचा न बोललेला अर्धा भाग आम्हा दोघांनाही ऐकू आला होता.

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर नावाचे गाव आहे. तिथून होडीने थोड्याच वेळात इल ऑ एग्रेत या बेटावर पोहोचता येते. बेट अवघे २६ हेक्टरांचे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तलावाच्या बुडीत क्षेत्राहूनही लहान. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ होतो ‘बगळ्यांचे बेट’. १९६५ मध्ये ते राखीव घोषित झाले आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने त्याचे मूळचे रान परत उभे करण्याचे काम हाती घेतले. आधी उंदीर आणि मांजरे हटवावी लागली, कारण बेटावरच्या पक्ष्यांना अशा शत्रूंची सवयच नसते. मग बाहेरून आलेली झाडे उपटून स्थानिक झाडे लावली. तिथली मूळची मोठी कासवे कायमची नाहीशी झाली होती. त्यांची जागा भरून काढण्यासाठी सेशेल्समधील अल्डाब्रा येथील जातीची कासवे २००० मध्ये आणून सोडली. ही कासवे आबनुसाची फळे खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेले बी अधिक चांगले रुजते. कासव गेले की पुढे झाडही जाते, हे नाते पुस्तकात वाचणे वेगळे आणि कासवाच्या विष्ठेतून उगवलेला आबनुसाचा कोवळा कोंब बोटाने चाचपून पाहणे वेगळे.

माझे काम गुलाबी कबुतरांचे होते. हा पक्षी जगात फक्त मॉरिशसमध्ये आढळतो. १९९० च्या सुमारास रानात त्याची जेमतेम दहाएक पाखरे उरली होती. आज ती संख्या काहीशेच्या घरात आहे. मॉरिशसच्या छोट्या ससाण्याची कथा याहून बिकट आहे. १९७४ मध्ये रानात असे फक्त चार ससाणे माहीत होते. कार्ल जोन्स हे वेल्समधील तरुण संशोधक १९७९ मध्ये तिथे गेले, ते खरे म्हणजे गुंडाळायला काढलेल्या प्रकल्पावर. त्यांनी घरट्यातली पहिली अंडी काढून कृत्रिम उबेत वाढवली. अंडी गेली की मादी पुन्हा घालते, तिच्या त्या स्वभावाचा त्यांनी उपयोग केला आणि ससाणा वाचला. हे ऐकताना माझे हात नकळत ओंजळीसारखे जुळले. अंडे उचलणारा हात तोच. एका ठिकाणी त्याने वंश तारला, दुसऱ्या ठिकाणी संपवला.

बेटावरच्या बहुतेक प्रत्येक कबुतराच्या पायांत रंगीत कड्या असतात. रंगांच्या क्रमावरून पाखरू ओळखायचे. दाणे ठेवण्याच्या जागी उभे राहून कोण आले, कोण कोणाबरोबर आले, हे तक्त्यात लिहायचे. माझ्या तक्त्यात डाव्या पायात पांढरी व हिरवी आणि उजव्या पायात लाल कडी असलेली एक मादी होती. तिसऱ्या आठवड्यात ती दिसली नाही. मी तिच्या ओळीतला रकाना कोरा ठेवला. संध्याकाळी आमच्या मार्गदर्शक बाईंनी तक्ता परत दिला आणि विचारले, “तू पाहिलेच नाहीस, की पाहिलेस आणि ती नव्हती?” मी म्हणाले, “पाहिले, ती नव्हती.” “मग शून्य लिही,” त्या म्हणाल्या. “कोरा रकाना आपल्याविषयी सांगतो, शून्य तिच्याविषयी.”

वाचकहो, त्या सहा महिन्यांत मी शिकलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. रोज दोनदा जाऊन मी त्या ओळीत शून्य लिहीत राहिले. ते लिहिणे सोपे नव्हते. पाखराच्या येण्याची नोंद हात आनंदाने करतो. न येण्याची नोंद करायला तेवढेच पाहावे लागते आणि पदरात काहीच पडत नाही. ती मादी परतली नाही. पण ती शेवटची कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी दिसली, हे मला आजही सांगता येते. माझ्या आयुष्यातले हे पहिले पाखरू, ज्याच्या जाण्याची तारीख मला ठाऊक आहे.

याच मॉरिशसमध्ये डोडो होता. डच लोक १५९८ मध्ये तिथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो पक्षी संपला. बहुतेक अभ्यासक १६६२ मधील नोंद शेवटची विश्वासार्ह मानतात. काही जण त्याचा अंत त्यानंतर काही दशकांनी झाला असे समजतात. एवढा मोठा पक्षी पृथ्वीवरून गेला आणि नेमका केव्हा, याचे उत्तर नाही, कारण शून्य लिहायला तिथे कोणी उभेच नव्हते. तो रकाना कोरा आहे.

माणसांच्या नोंदीची एक वेगळी कथाही मला त्याच देशात भेटली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी करारबद्ध मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईला उतरली. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही उसाच्या मळ्यांवर गेली. ती ज्या धक्क्यावर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. प्रत्येक मजुराला एक क्रमांक मिळे. ती दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. माहेबूरजवळच्या एका मराठी घरी मी गणेश चतुर्थीला गेले होते. त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. घरातल्या आजी क्रिओल बोलत. मराठी त्यांच्याजवळ आरतीपुरती आणि काही नात्यांच्या शब्दांपुरती उरली होती. त्यांनी पेटीतून एक कागद काढून दाखवला. त्यावर त्यांच्या पणजोबांचा क्रमांक आणि गावाचे नाव होते. माणसाला मळ्याशी बांधून ठेवण्यासाठी दिलेला तो आकडा होता, आणि आज त्याच आकड्याला धरून त्यांची नातवंडे आपले गाव शोधत होती. नोंद कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी आहे, यावर तिचा अर्थ ठरतो, हे मला त्या कागदाने शिकवले.

परत आले तेव्हा एक प्रश्न सोबत आला. बेटाला समुद्राची कुंपणभिंत असते. उंदीर एकदा काढले की काढले. तिथे कोणी राहत नाही, कोणी धान पिकवत नाही. आमचा बांधीकाठचा सारस तसा नाही. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांवरील जीवजातींविषयी जो सिद्धांत मांडला, त्याच्या आधारे पुढे अभ्यासकांनी असे दाखवले, की शेती आणि रस्त्यांनी वेढलेले रान हेही एक प्रकारचे बेटच असते. त्या दृष्टीने पाहिले तर नागझिरा बेट आहे, कोका बेट आहे आणि गोंदिया-भंडाऱ्याचा सारस म्हणजे तर बेटाच्या टोकावर उरलेली वस्ती. गेल्या काही वर्षांच्या गणनांमध्ये गोंदिया जिल्ह्यात सारस तीसच्या आसपास आढळले, आणि भंडाऱ्यात बोटांवर मोजावेत इतकेच. पूर्वी मॉरिशसच्या ससाण्याचा जो आकडा होता, तो आज आमच्या दाराशी आहे.

पण आमच्या बेटाभोवती पाणी नाही, माणसे आहेत. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत, त्यांवर जगणारे ढिवर आहेत, धानाची कर्जे आहेत, शेतांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा आहेत, फवारणीची औषधे आहेत. इथे माणसे हटवून पक्षी राखता येत नाही. त्यांच्या संमतीनेच राखावा लागतो. गोंदियात शेतकऱ्यांनी आपल्या बांधीतली घरटी पिले उडेपर्यंत सांभाळल्याची उदाहरणे आहेत. पक्षी साऱ्या जगाचा आणि नुकसान मात्र एका घराचे, हा हिशेब जोवर बदलत नाही, तोवर काठी घेऊन बांधीत उतरणाऱ्या माणसाला केवळ दोष देणे मला जमत नाही. कारण त्या काठीमागोमाग मीही गेले होते.

परतल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी एक वही केली. तारीख, वेळ, बोडीचे नाव, पाण्याची पातळी, सारस. रोज सकाळी बोडीच्या पाळीवर उभी राहून मी शेवटच्या रकान्यात शून्य लिहीत असे. मोठे बाबा पाहत. एकदा म्हणाले, “काही नाही दिसत तं लिवतेस काय?” मी त्यांना कोऱ्या रकान्याची आणि शून्याची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी त्या खोलगट बांधीचा बोडीकडचा कोपरा रोवायचा राहिला. कोणी विचारले तर ते म्हणत, पऱ्हे पुरले नाहीत.

मागच्या पावसाळ्यात नोकरीच्या कामासाठी मला दोन महिने नागपूरला राहावे लागले. वही घरीच राहिली होती. मध्यंतरी इतके दिवस कोरे जाणार, याची मनाला रुखरुख होती. परत येऊन मी ती उघडली. पाण्याची पातळी लिहिलेली नव्हती, वेळही नव्हती. पण प्रत्येक तारखेसमोर, थरथरत्या हाताने काढलेले, एकेक शून्य होते.