अवतरणाखालचे नाव



कादंबरीचा अभ्यास करता करता तुमच्यापैकी काहींनी स्वतःची कादंबरी लिहायलाही घेतली असेल. तसे असेल, तर प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एखादे अवतरण द्यावे, हा मोह तुम्हांला केव्हातरी झाला असणार. मलाही तो झाला होता. त्यातून मी जे शिकलो, ते तुमच्यापुढे मांडतो.

मी मूळचा सोनगीरचा. धुळ्याहून शिरपूरकडे जाताना मुंबई-आग्रा महामार्गालगत टेकडीवर किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याचे हे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात प्रसिद्ध आहे. भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळाल्यानंतर मी भांडी घडवणाऱ्या कुटुंबांवर कादंबरी लिहिली. प्रकरणे एकवीस, अवतरणेही एकवीस. त्यांपैकी वीस ग्रंथांतून वेचलेली होती: कुठे संत, कुठे तत्त्ववेत्ते, कुठे परदेशी कादंबरीकार. सातव्या प्रकरणासाठी मात्र काही सापडेना. तेव्हा आत्याच्या तोंडून लहानपणी ऐकलेले एक वाक्य मी तेथे घातले : ‘कल्हई मझार करतस, बाहेर नही.’ पितळेच्या भांड्यात आमटी किंवा ताक कळकू नये, म्हणून कल्हई आतल्या बाजूने करतात. बाहेरच्या चकाकीसाठी नव्हे. वाक्याखाली मी लिहिले, ‘अहिराणी लोकोक्ती’.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हते. एका सुटीत मी तिला ते प्रकरण वाचून दाखवले. वाक्य ऐकून ती हसली. खालचे दोन शब्द ऐकल्यावर मात्र तिने विचारले, “हाई लोकोक्ती कोन शे?” लोकोक्ती नावाची कोणी बाई असावी, असा तिचा समज झाला होता. मी अर्थ सांगितला : लोक म्हणतात ते. ती क्षणभर थांबली. मग शांतपणे म्हणाली की, लोक कधी म्हणाले होते? घरातल्या एका लग्नात आहेराच्या झगमगाटावरून वाद झाला, तेव्हा ते तीच म्हणाली होती आणि माझे वडील त्यावर गप्प झाले होते.

माझ्याकडे उत्तर नव्हते. वीस अवतरणांखाली मी नावे काळजीपूर्वक लिहिली होती. एकविसाव्याखाली नाव लिहावे, असे मनातसुद्धा आले नव्हते. आयुष्यभर बोलीभाषेचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आपल्याच घरातल्या बाईचे वाक्य निनावी करून टाकले होते.

इथे एक शब्दविचार उपयोगी पडेल. ‘अवतरण’ म्हणजे खाली उतरणे आणि ‘उद्धरण’ म्हणजे वर काढणे. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण दिशा वेगळ्या आहेत. मोठ्या ग्रंथातले वाक्य आपल्या पानावर उतरवून घेताना त्याचे वजन आपल्याला मिळते. बोलण्यात विरून जाणारे वाक्य वर काढताना मात्र आपण त्याला काही देणे लागतो. त्यातले पहिले देणे म्हणजे नाव.

पाश्चात्त्य कादंबरीत याच्या उलट गमती आढळतात. अॅन रॅडक्लिफ यांच्या 1794 च्या ‘मिस्टरीज ऑफ उडोल्फो’त प्रकरणारंभी काव्यपंक्ती आहेत. वॉल्टर स्कॉट यांनी 1816 च्या ‘अँटिक्वेरी’पासून, हवी ती ओळ मिळाली नाही की स्वतःच रचून खाली ‘जुने नाटक’ असे लिहिण्याचा परिपाठ ठेवला. जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’च्या 86 प्रकरणांपैकी प्रत्येकाच्या आरंभी अवतरण आहे आणि त्यांतली अनेक निनावी अवतरणे त्यांचीच आहेत. ज्यांचे नाव मुखपृष्ठावर छापलेले आहे, त्यांना आतल्या पानावर ते लपवणे परवडते. आत्यासाठी तर ते एकच पान होते.

खानदेशात याचे मोठे उदाहरण आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) निरक्षर होत्या. चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या मंडळींनी त्यांची गाणी उतरवून घेतली. 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. तसे झाले नसते, तर त्यांतली काही कदाचित ‘जात्यावरची ओवी’ म्हणून उरली असती आणि कोणाची, हे कोणी विचारलेही नसते.

उरलेल्या वीस अवतरणांचे काय केले? ती तपासण्यासाठी मला आपल्या कीर्तनाचा आधार मिळाला. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला बुवा एक अभंग घेतात, त्याचे निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान सांगतात आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगावर येतात. आख्यान ऐकून झाल्यावर तोच अभंग श्रोत्याला अधिक भरलेला वाटतो. प्रकरणाआधीच्या अवतरणाकडेही असेच पाहावे. प्रकरण वाचून झाल्यावर वाचकाने मागे वळून ते पुन्हा वाचले, तर त्याचा अर्थ बदललेला, वाढलेला किंवा संशयास्पद झालेला असावा. प्रकरण अवतरणाचा नुसता दाखला ठरत असेल, तर दोहोंपैकी एक अनावश्यक आहे. आणि अवतरण काढल्यावर प्रकरण लंगडे पडत असेल, तर दुरुस्ती प्रकरणात करायला हवी. या कसोटीवर माझी वीसपैकी सतरा अवतरणे गळाली. ती लावलेली कल्हई होती खरी, पण बाहेरून.

आत्या आता नाही. कादंबरी एका प्रकाशकाकडून परत आली आणि अजून कपाटातच आहे. परंतु सातव्या प्रकरणाच्या पानावर ‘अहिराणी लोकोक्ती’ खोडून मी तिचे पूर्ण नाव लिहिले आणि तिला वाचून दाखवले. तिने ते दोनदा म्हणायला लावले. ते नाव इथे देत नाही. तिची संमती त्या पानापुरती होती.

तुमच्यापैकी कोणी नोकरी सांभाळून शिकत असेल, कोणी संसार, कोणी शेती. ग्रंथालय दूर असेल, पण घरात बोलणारी माणसे आहेत. या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाचे मनात राहिलेले वाक्य, ते ज्या बोलीत उच्चारले गेले त्याच बोलीत वहीत लिहा. ते केव्हा आणि कशावरून म्हटले गेले, तेही नोंदवा. मग त्या व्यक्तीला विचारून खाली तिचे नाव लिहा. ते वाक्य ज्याच्या आरंभी शोभेल, असे प्रकरण त्यानंतर लिहायला घ्या.