रंगीचे पुढचे पाय

मोशी, १२ मे २०२५
सकाळी रंगीला सिमेंटच्या रस्त्यावर दुडक्या चालीने नेलं. डावा पुढचा पाय टेकला की मान वर जाते, उजवा टेकताना खाली येते. दुखऱ्या पायावरचा भार ती अशी हलका करते. घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून तिथलं दुखणं आधी मानेत दिसतं. मातीवर चाल बरीच सुधारली, पण सिमेंटवर डावीकडे वळवताच बिघडली. कडक जमिनीवर आणि वळणावर वाढणारं दुखणं बहुधा खुरातलं.

रंगी भीमथडी घोडी. माळरानावर धनगरांच्या मेंढ्यांमागे ओझं वाहणारी ही काटक जात. चैत्रात वरातीसाठी घेतली तेव्हाच खुरांची टोकं लांबलेली आणि टाचा बसलेल्या होत्या.

१४ मे
डॉक्टर आले. चिमट्याने तळवा सगळीकडून दाबून पाहिला. पू झाल्याची खूण नाही. मग डाव्या टाचेच्या दोन्ही अंगांच्या नसा बधिर केल्या. डाव्याचं लंगडणं थांबलं आणि उजव्याचं उघडं पडलं! म्हणजे बहुधा दोन्ही खुरांच्या मागच्या भागात दुखतंय, डावीकडे जास्त. एक्स-रेमध्ये खुराची पुढची रेषा आणि वरच्या हाडांची रेषा एका ओळीत नाहीत. खुराशी येऊन रेषा मागे मोडते. टोक लांब असलं की पाय उचलताना खूर उशिरा वळतो. तेवढा वेळ मागची मोठी शीर ताणलेली राहते आणि तिच्याखालच्या होडीसारख्या छोट्या हाडावर दाब येतो.

दुखणं कमी करणारी पूड थोड्या दिवसांसाठी दिली आहे. पुडीवर घोडी कामाला काढायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. संध्याकाळी खेडहून फोन आला: शर्यतीच्या घाटात बैलगाड्यापुढे पळवायला घोडी हवी. नाही म्हणून सांगितलं.

१५ मे
नालबंदाने एक्स-रे शेजारी ठेवूनच कानस हातात घेतली. टोक मागे घेतलं, टाचेला जेमतेम हात लावला. सगळं आजच सरळ करा, असा हट्ट मी धरला नाही. एका बैठकीत जास्त कापलं तर तळवा पातळ होतो, शिरा-सांध्यांवर नवा ताण येतो. नाल किंचित मागे बसवली, पुढची कड गोल केली, मागच्या टोकांनी टाचेला पूर्ण आधार दिला. आतली आणि बाहेरची बाजू एकदम टेकते का, हे चालवून पाहिलं.

२७ मे
यंदा पाऊस मे महिन्यातच आला. ओल्या खुराची भिंत मऊ पडते, खिळे सैल होतात. तळव्याच्या त्रिकोणी गाभ्यालगत काळसर घाण आणि कुजका वास. रोज दोन वेळा खरवडून, कोरडं करून औषध लावतेय. चाकणला कंपन्यांसाठी लाकडी पेट्या बांधतात, तिथून अंथरायला भुसा आणला. औषध मारलेल्या लाकडाचा नको, हे विचारूनच घेतला, आणि लोहचुंबक फिरवून खिळे वेचले. अशा खुरात खिळा घुसला तर सगळी मेहनत वाया.

१८ जून
दुसरी छाटणी. नव्या खुराची वाढ वरून खाली, महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर. टोकापर्यंत पोचायला वर्षभर लागतं. कोणतीही नाल ही वाढ घाईत आणू शकत नाही.

उद्या आळंदीहून माउलींचं प्रस्थान. बेळगावच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी येतात, मग पंढरीची वाट आणि रिंगण. एवढी चाल ज्या पायांवर होते, त्यांची निगा हीसुद्धा सेवाच आहे, असं मी मानते.

२३ जुलै
तिसरी छाटणी. सिमेंटवर दुडकताना मान स्थिर. वळणावर अजून थोडी कचरते. नव्या एक्स-रेत रेषा बऱ्याच जुळल्या आहेत. टाच मात्र अजून भरायची आहे. रोज शेतात मऊ जमिनीवर हाताने चालवणं चालू, आणि छाटणी पाच आठवड्यांपलीकडे जाऊ द्यायची नाही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींसाठी दोघांनी आजच बयाणा देऊ केला. घेतला नाही. खर्च चालू आहे, कमाई बंद आहे, तरी रंगीच्या कामाची तारीख मी ठरवणार नाही. ती तिचा खूर ठरवेल.